जुन्या गाडीची वीज मधूनच जाते तेव्हा

प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडरसारख्या जुन्या गाडीची वीज मधूनच जाते आणि मेकॅनिकसमोर मात्र सारे सुरळीत चालते, तेव्हा नवे सुटे भाग घेण्याआधी अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परतणारी विजेची वाट, तपासावे. नाशिकच्या पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत बॅटरीची ऋण केबल बॉडीला आणि इंजिनला जिथे जोडलेली असते, तिथे रंगाखाली गंज धरतो. जोड वरून घट्ट दिसतो, पण जास्त प्रवाह मागितला की विजेला अडवतो.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल तार इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवावी, आणि दुसऱ्या माणसाला स्टार्टर फिरवायला सांगावे. आकडा 0.5 व्होल्टच्या वर गेला, तर दोष त्याच वाटेत आहे. मग बॅटरीची ऋण केबल सोडवून जोड पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासावेत, घट्ट आवळावेत आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी.

अर्थिंग ठीक निघाले, तर दिवे लावून फ्यूजच्या पट्ट्या आणि डॅशबोर्डमागच्या तारा एकेक करून हलक्या हाताने हलवाव्यात. दिवा लुकलुकला की जागा सापडली. (फ्यूजऐवजी चांदीचा कागद (फॉइल) गुंडाळण्याचा जुना उपाय कृपया करू नये, त्याने वायरिंग पेटू शकते.) कसारा घाट चढून गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थंड होताच सुरू होणारी गाडी बहुधा इग्निशन कॉइलकडे (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागाकडे) बोट दाखवते.