वळचणीला हवेच्या झडपा बसवताना

कोकणात कौलांखाली फळ्यांचे आच्छादन असलेल्या घरांत मे महिन्यात पोटमाळा भट्टीसारखा तापतो आणि पावसाळ्यात तेथेच ठेवलेल्या गोधड्यांना बुरशी येते. गरम हवा आढ्याकडे चढते. ती वरून बाहेर पडावी आणि तिची जागा घेण्यासाठी खालून थंड हवा आत यावी, म्हणून वळचणीला झडपा हव्यात. आढ्याजवळ वाट नसेल, तर खालच्या झडपांचा उपयोग फारच थोडा.

साधारण नियम असा, की माळ्याच्या दर 150 चौरस फुटांमागे एक चौरस फूट मोकळी वाट असावी व तिचा निम्मा भाग वळचणीला असावा. म्हणजे 600 चौरस फुटांच्या माळ्यासाठी वळचणीला दोन चौरस फूट, तेही जाळीच्या तारांनी अडवलेली जागा वजा करून.

दोन वाशांच्या मधोमध, वळचणीखालच्या आडव्या फळीवर खूण करावी आणि करवत लावण्यापूर्वी आत वायर नाही ना, हे विजेरीने पाहावे. भोकातून हात घातल्यावर बोटांना जळमटे, जुना पेंढा किंवा उंदराचे घरटे लागले, तर ते आधी काढावे, अन्यथा हवा तिथेच अडेल. जाळी स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड लवकर गंजते, आणि स्क्रूच्या बाबतीत काटकसर केली तर जाळी शाबूत राहूनही झडप खाली लोंबते. समुद्राकडच्या बाजूला झडपेची पाती खाली उतरती ठेवावीत, म्हणजे नैऋत्येची झड आत येत नाही. हे काम पागोळ्या गळू लागण्यापूर्वीच उरकावे.