टेंडर भरायच्या आधी तारीख वाचा

2027 च्या कुंभमेळ्यासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरची कामं निघायला लागली, तशी माझ्याकडे विचारायला येणाऱ्या पोरापोरींची संख्या वाढली. कुणी नुकताच डिप्लोमा संपवलेला, कुणी दोन वर्षं दुसऱ्याच्या साइटवर सुपरवायझर म्हणून राबलेला. सगळ्यांचा प्रश्न एकच: "ताई, टेंडर कसं भरायचं?" भरणं दोन दिवसांत शिकता येतं. पण गेल्या वेळी भरलं तसंच या वेळी भरून चालत नाही, हे कळायला मला सहा-सात वर्षं लागली आणि त्यात पैसेही गेले.

मी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करून या धंद्यात आले. तेव्हा छोट्या कामांच्या वाटपाचं प्रमाण आम्हाला पाठ असायचं: 33 टक्के बेरोजगार अभियंत्यांना, 33 मजूर सहकारी संस्थांना आणि 34 खुल्या स्पर्धेला. पहिलं काम पेठ तालुक्यातल्या एका शाळेची संरक्षक भिंत. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य शासनाच्या ई-निविदा पोर्टलवर, लॉगिन काढायचं, डिजिटल सही घ्यायची, हे सगळं मी एका कॉम्प्युटरवाल्या दादाकडून करून घेतलं. नोंदणी करताना त्याने ईमेल स्वतःचा टाकला. मला तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नाही. नवीन माणसाच्या हातून होणारी ही सगळ्यात महागडी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

2019 सालची गोष्ट. काँक्रीट रस्त्याचं बी-2 टेंडर होतं, म्हणजे प्रत्येक बाबीचा दर आपण टाकायचा. (बी-1 मध्ये एकच टक्केवारी टाकावी लागते, अंदाजित रकमेच्या इतक्या वर "अबव्ह" किंवा इतक्या खाली "बिलो".) दरपत्रकाची एक्सेल फाइल मी पहिल्याच दिवशी उतरवली. आठ दिवस खडी, वाळू, सिमेंटचे भाव काढले, 41 बाबींचे दर बसवले. मुदत सोमवारी दुपारी 3 पर्यंत. अडीचला फाइल चढवायला घेतली, तर पोर्टल ती घेईचना. पुन्हा चढवली, पुन्हा तेच. मग टेंडरच्या पानावर खाली नजर गेली. चार दिवसांपूर्वी शुद्धिपत्रक, म्हणजे निविदेतल्या बदलांचा कागद, निघालं होतं. दोन बाबींचं परिमाण बदललं होतं आणि दरपत्रक नवीन टाकलं होतं. पोर्टल नवीच फाइल मागत होतं. नवी फाइल उतरवून 41 दर हाताने पुन्हा भरेपर्यंत पानाच्या वरच्या कोपऱ्यातल्या सर्व्हरच्या घड्याळात 3 वाजून गेले. आपल्या मनगटावरचं घड्याळ तिथे चालत नाही, सर्व्हरचं तेवढं एकच चालतं. शुद्धिपत्रकाचा मेल गेला होता, पण त्या दादाच्या पत्त्यावर. त्याच्याकडे असे तीस-चाळीस ठेकेदारांचे मेल येत असणार. त्याला तरी काय बोल लावायचा?

तेव्हापासून ईमेल माझा, मोबाइल नंबर माझा आणि डिजिटल सहीचं टोकन माझ्या पर्समध्ये. मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी शुद्धिपत्रकांचा रकाना उघडते आणि फाइल ताजी आहे ना ते बघते. अनामतही त्याच्या आधीच भरते, कारण एनईएफटीने भरलेले पैसे पोर्टलवर दिसायला एखादा दिवस जातो. आणि बिड "फ्रीझ", म्हणजे कायमची पक्की, करून पोचपावती निघाल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही. कागद चढवले म्हणजे टेंडर भरलं, असं होत नाही.

हा झाला एका टेंडरपुरता बदल. मूळ नियमच बदलतात, ते कुठून कळायचं?

बातमीत बहुतेक वेळा येत नाही. येतो तो शासन निर्णय, आपण ज्याला जीआर म्हणतो. राज्य शासनाच्या जीआरच्या संकेतस्थळावर तो विभागवार मिळतो, आणि नेमका कुठला विभाग बघायचा इथेच नवे लोक चुकतात. बांधकामाच्या निविदांचे नियम सार्वजनिक बांधकाम विभाग काढतो. वस्तू-साहित्याच्या खरेदीचे नियम उद्योग विभागाकडून येतात. कार्यालयीन खरेदीची सुधारित नियमपुस्तिका 1 डिसेंबर 2016 ला त्याच विभागाने काढली, आणि तिच्यातल्या एकेका मुद्द्यावर नंतर सुधारणा येत गेल्या. जिल्हा परिषदेचं काम असेल तर ग्रामविकास विभाग, महापालिकेचं असेल तर नगरविकास. पैशाच्या अधिकारांचं काही असेल तर वित्त विभाग. नाशकात जिल्हा परिषदेचा त्र्यंबक रोड आणि महापालिकेचा शरणपूर रोड यांच्यात अंतर थोडंच, पण एकीकडे चालणारा कागद दुसरीकडे चालेलच असं नाही.

जीआर उघडला की मी आधी मधला "शासन निर्णय" हा भाग वाचत नाही. वरची "वाचा" ही यादी वाचते. जुने कोणते निर्णय या नव्या निर्णयाशी जोडलेले आहेत ते तिथे क्रमाने असतं. मग एक शब्द शोधते: "अधिक्रमित". जुना निर्णय अधिक्रमित केला असेल तर तो संपला, फाइलमधून काढून टाकायचा. नुसती "सुधारणा" असेल तर जुना जिवंत आहे, फक्त तेवढा परिच्छेद बदलला, म्हणजे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायचे. त्यानंतर तारीख. निर्णयाची तारीख वेगळी, लागू होण्याची वेगळी असू शकते. चालू निविदांना लागू की यापुढच्या निविदांना, हे शेवटच्या दोन-तीन ओळींत दडलेलं असतं. खाली संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. व्हॉट्सअॅपवर फिरणारा "नवा जीआर" तीन वर्षं जुना निघतो तो याच आकड्यांवरून. संकेतांक नसलेला कागद मी वाचतही नाही.

केंद्राच्या आस्थापनांचं तर वेगळंच खातं. ओझरचं एचएएल, म्हणजे विमानांचा कारखाना, नाशिकरोडची नोट प्रेस, यांची कामं करायची तर केंद्राचे 2017 चे सामान्य वित्तीय नियम आणि त्यांच्याबरोबर त्या त्या आस्थापनेच्या स्वतःच्या नियमपुस्तिका बघाव्या लागतात. लहान उद्योगांसाठी केंद्राचं 2012 चं खरेदी धोरण आहे, वार्षिक खरेदीतला 25 टक्के वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा, त्यात 3 टक्के महिला उद्योजकांचा. ते ऐकून मी हरखले होते. लहान उद्योग म्हणून केंद्राकडची उद्यम नोंदणी होतीच, म्हटलं आता अनामत माफ. पण ती सवलत वस्तू आणि सेवांच्या पुरवठ्याला आहे, बांधकामाच्या ठेक्याला नाही. तुमच्यापैकी जे पुरवठ्यात उतरणार आहेत, त्यांनी मात्र ती जरूर घ्यावी.

आता पैसे गेले ती गोष्ट. 2022 मध्ये एका कार्यालयाचं इमारत दुरुस्तीचं काम चालू होतं, रक्कम सर्व करांसह. सरकारी बांधकामावर तेव्हा 12 टक्के जीएसटी होता. 18 जुलै 2022 पासून तो 18 झाला. माझं 11 लाख 20 हजारांचं काम उरलेलं, म्हणजे मूळ 10 लाख आणि वर कर. एकूण रक्कम तीच आणि कर 18 टक्के, म्हणजे माझ्या हातात मूळचे 10 लाख न राहता 9 लाख 49 हजारच राहणार होते. जवळजवळ 51 हजारांचा फटका. करारात तरतूद होती की कायद्याने कर बदलला तर फरक मिळेल, पण ठेकेदाराने ठरावीक दिवसांत पुराव्यासह लेखी मागणी केली पाहिजे. मी काय केलं? साहेबांना जाऊन तोंडी सांगितलं. साहेब म्हणाले, "बघू, बिलाच्या वेळेला करू." बिलाच्या वेळेला साहेब बदलून गेलेले, नवीन साहेबांनी अर्ज मागितला, आणि मुदत उलटून तीन महिने झाले होते. तोंडी बोलणं फाइलला लागत नाही. त्या कार्यालयाने मनात आणलं असतं तर मार्ग काढता आला असता, असं मला आजही वाटतं. पण कागद माझा नव्हता, हेही तितकंच खरं.

बिलो जाण्याबद्दल थोडंच सांगते, कारण कुंभाच्या घाईत नवी मुलं इथेच हात पोळून घेतील. काम मिळवायचंच म्हणून 20-22 टक्के खाली जाणाऱ्याला जादा सुरक्षा रक्कम भरावी लागते. दर जितका खाली, तितकी ती जास्त, आणि तिचे टप्पे जीआरने बदलत आलेले आहेत. त्या त्या निविदेत काय छापलंय तेच धरा, मागच्या टेंडरवरून हिशेब करू नका. शिवाय बिलातून काय काय कापलं जाणार ते दर टाकण्याआधी मांडा: 1 टक्का कामगार उपकर, आयकराचा टीडीएस, करार अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीचा 2 टक्के टीडीएस, आणि गौण खनिजाच्या, म्हणजे वाळू-खडी-मुरमाच्या, पावत्या नसतील तर स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी.

शंका असेल तर निविदापूर्व बैठकीला जा आणि प्रश्न लेखी द्या. सुरुवातीला मला संकोच वाटायचा. खोलीत पंचवीस पुरुष, त्यात मी एकटी. पण लेखी प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसाठी पोर्टलवर येतं आणि पुढे ते निविदेचाच भाग बनतं, त्यामुळे लाजून बसण्यात तोटाच.

आता सोमवारी सकाळी साइटवर जायच्या आधी एक तास याच कामाचा. चार विभागांचे गेल्या आठवड्यातले जीआर, चालू टेंडरांची शुद्धिपत्रकं, आणि एक दोनशे पानी वही. वहीत डावीकडे तारीख आणि बदल, उजवीकडे माझ्या कोणत्या कामाला लागू.

22 सप्टेंबर 2025 ची नोंद त्याच वहीत आहे. मुख्यतः मातीकाम असलेल्या सरकारी ठेक्यांवर तोवर वेगळा, 12 टक्के जीएसटी होता; त्या दिवसापासून तोही 18 झाला. उजव्या रकान्यात नाव होतं दिंडोरीकडच्या एका बंधाऱ्याच्या कामाचं. त्याच आठवड्यात करारातल्या कलमाचा क्रमांक, अधिसूचनेची प्रत आणि फरकाचा तक्ता लावून अर्ज दिला. आवक खिडकीतल्या भाऊसाहेबांनी शिक्का मारला, वर निळ्या शाईने क्रमांक टाकला. पुढच्या चालू बिलात फरक मंजूर होऊन आला.