झेब्राफिशचं व्हिडिओ ट्रॅकिंग करताय? या चुका टाळा

ट्रॅकिंग सॉफ्टवेअर चुकलं तरी थांबत नाही. मासा हरवला तरी एक्सेलची रांग भरते आणि आलेखही व्यवस्थित निघतो. झेब्राफिशवर नव्याने काम सुरू करणाऱ्यांची खरी अडचण इथेच आहे. हा मासा मूळ आपल्याच उपखंडातला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर), पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्यावर काम चालतं. पाच-सहा दिवसांचं पिल्लू जेमतेम ४ मिलीमीटरचं आणि पारदर्शक असतं. खालून उजेड दिला की ठळक दिसतात ते दोन डोळे आणि पोटातली हवेची पिशवी, एवढे तीनच काळे ठिपके. त्यांच्या हालचालीवरून आपण भीती, झोप आणि औषधाचा परिणाम यांबद्दल विधानं करणार असतो, म्हणून ठिपका कुठे होता याची आधी खात्री हवी.

सगळ्यात जास्त फसवतं ते ‘एकूण अंतर’. मासा जागचा हलला नाही तरी कॅमेऱ्याच्या गोंगाटामुळे, म्हणजे चित्रातल्या बारीक चढ-उतारांमुळे, त्याचा मध्यबिंदू प्रत्येक फ्रेममध्ये किंचित सरकतो. हे सरकणं ०.१ मिलीमीटर धरा. सेकंदाला ३० फ्रेम्स म्हणजे १० मिनिटांत १८,००० फ्रेम्स, म्हणजेच स्थिर माशाच्या नावावर १.८ मीटर अंतर जमा! चांगला कॅमेरा घेऊन १०० फ्रेम्स केल्यात तर तेच ६ मीटर होईल. त्यात पिल्लं ठेवलेल्या खाचांच्या प्लेटच्या कडेला उजेड कमी असेल, तर तिथे गोंगाट जास्त आणि म्हणून ‘चपळाई’ही जास्त. उपाय सोपा आहे. ट्रायकेन देऊन भूल दिलेलं एक पिल्लू १० मिनिटं ट्रॅक करा. जे अंतर येईल तो तुमच्या मांडणीचा गोंगाट. त्यावरून किमान हालचालीची मर्यादा ठरवा, मार्ग थोडा गुळगुळीत करून घ्या, आणि ही मर्यादा सगळ्या गटांना सारखीच लावा.

याच्या उलट चूक मोठ्या माशांच्या बाबतीत होते. नव्या टाकीत सोडलेला झेब्राफिश आधी तळाशी जातो, कधी कधी अगदी थिजून राहतो. हे थिजणंच तर मोजायचं असतं! पण सॉफ्टवेअर मासा ओळखतं ते पार्श्वभूमीशी तुलना करून; ती पार्श्वभूमी सतत अद्ययावत होत असेल, तर बराच वेळ न हललेला मासा हळूहळू त्या पार्श्वभूमीतच मुरतो आणि दिसेनासा होतो. पुढे तो निघून गेला की रिकाम्या जागी भुताचा मासा उमटतो. म्हणून रिकाम्या टाकीचं चित्रण आधी घेऊन ठेवा आणि तीच पार्श्वभूमी कायम ठेवा. मासा सापडला नाही तर ती जागा कोरी राहू द्या. शेवटची जागा तिथे भरली तर हरवलेला मासा शांत दिसतो; दोन टोकं सरळ रेषेने जोडली तर तो एकसारख्या वेगाने पोहलेला दिसतो. किती टक्के फ्रेम्समध्ये मासा हरवला, हा आकडा प्रत्येक माशापुढे लिहा. उपचार दिलेल्या गटात तो जास्त येत असेल, तर आधी त्याचं कारण शोधा.

आता उजेड. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. सेकंदाला ३० फ्रेम्स घेतल्यात तर ३० ने १०० ला नि:शेष भाग जात नाही, म्हणून चित्रात उजेडाची लाट फिरते. २५ किंवा ५० फ्रेम्स ठेवा, नाहीतर डीसी पुरवठ्यावरचं एलईडी पॅनल वापरा. उजेड-अंधार चाचणीत तर जास्तच जपा. दिवा बंद झाला की पिल्लांची धावपळ वाढते, ही खरी प्रतिक्रिया आहे. पण कॅमेऱ्याला तो दिवा दिसत असेल तर त्याच क्षणी सगळं चित्र बदलतं, आणि पिक्सेलच्या फरकावर चालणारं सॉफ्टवेअर त्यालाही हालचाल समजतं. खालून ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड उजेड द्या, लेन्सवर दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर लावा, एक्स्पोजर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते) आणि गेन (कॅमेरा सिग्नल किती वाढवतो) हाताने पक्के करा. मग एकदा रिकामी प्लेट ठेवून पूर्ण चाचणी चालवा. दिवा बंद होताना आलेख उसळला, तर ती उसळी माशांची नाही.

फ्रेम रेट प्रश्नाप्रमाणे ठरतो. नुसतं अंतर मोजायला ३० पुरतात. पण दचकलेलं पिल्लू काही मिलीसेकंदांत अंग ‘C’सारखं वळवतं, आणि ३० च्या वेगात दोन फ्रेम्समध्ये ३३ मिलीसेकंद जातात. दचकण्याचा अभ्यास असेल तर ५०० ते १००० फ्रेम्स लागतात. मोबाइलवरचं चित्रण टाळा. त्याचा फ्रेम रेट अनेकदा मध्येच बदलतो. फ्रेमच्या क्रमांकावरून वेळ काढू नका, कॅमेऱ्याची वेळनोंद वापरा, कारण गळलेल्या फ्रेम्स क्रमांकात दिसत नाहीत. सोबत मेंदूचं इमेजिंग चालू असेल, तर त्याच यंत्रणेच्या सिग्नलवर लुकलुकणारा छोटा इन्फ्रारेड एलईडी चित्राच्या कोपऱ्यात ठेवा. दोन संगणकांची घड्याळं एकमेकांपासून सरकत जातात, आणि मग न्यूरॉन आधी पेटला की शेपटी आधी हलली हेच सांगता येत नाही.

थव्यात ओळखीची अदलाबदल होते. दोन मासे एकमेकांना ओलांडून गेले की नावं बदलतात आणि तशीच राहतात. थव्याची सरासरी त्याने बिघडत नाही. एकेका माशाचा स्वभाव तपासायचा असेल तर मात्र सगळं वाया जातं. आयडीट्रॅकर (२०१४) आणि त्यानंतरचं आयडीट्रॅकर डॉट एआय ही साधनं प्रत्येक माशाच्या दिसण्यावरून ओळख पटवतात. तरीही गर्दीचे प्रसंग डोळ्यांनी बघाच. काचेतलं प्रतिबिंबही दुसरा मासा ठरू शकतं, त्यासाठी काठाला अपारदर्शक मॅट कागद लावा. पिक्सेलचे मिलीमीटर करण्यासाठी लागणारं मोजपट्टीचं चित्र मासा पोहतो त्या खोलीवर घ्या, टाकीबाहेर नको.

तपासणीसाठी वेगाचा रकाना उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या २० नोंदींचे व्हिडिओ मार्गरेषेसह बघा. उडी मारून दुसरीकडे गेलेला ठिपका, बुडबुडा, प्रतिबिंब, सगळं तिथेच सापडतं. त्यानंतर ‘शून्य वेग’ दाखवणारे काही मोठे तुकडेही बघा.

आणि प्लेट भरताना नियंत्रण गट (औषध न दिलेला) एका बाजूला, औषधाचा दुसऱ्या बाजूला असं करू नका. दोन्ही मिसळून भरा, पाणी २८ अंशांच्या आसपास ठेवा आणि सगळ्या गटांच्या चाचण्या दिवसाच्या एकाच वेळी घ्या. सकाळचा एक गट आणि दुपारचा दुसरा, असं झालं तर त्यांच्यातला फरक औषधाचा की वेळेचा, हे कुठलंही सॉफ्टवेअर नंतर वेगळं करून देणार नाही.