कोरड्या उन्हाळ्यात गिटार जपण्यासाठी साबणाची डबी
वैशाखात आमच्या विदर्भात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा सॉलिड लाकडाची महागडी गिटार सुकून तिच्या वरच्या फळीला तडा जाण्याची भीती असते. मानेच्या कडेवरून बोट फिरवताना फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोके टोचू लागली, की लाकूड आकसले आहे असे समजावे. झाकणाला भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घालावा, ती डबी गिटारच्या पेटीत डोक्याकडच्या बाजूला ठेवावी आणि शेजारच्या आर्द्रतामापकावर आकडा 45 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान राहील, अशा बेताने स्पंज पुन्हा भिजवत राहावे. एवढ्या किमतीच्या वाद्यासाठी आर्द्रतामापकाचा किरकोळ खर्च टाळू नये. स्पंजातून थेंबही गळता कामा नये, आणि मृगाच्या सरी सुरू होताच डबी काढून घ्यावी.