खरेशास्त्र्यांचा लेखसंग्रह वाचायला घेताना

वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ कुठून सुरू करू, असं मोडीच्या वर्गातली मुलं मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी तारीख लावायला शिका.

शास्त्रीबुवा मूळचे गुहागरचे, जन्म १८५८ चा. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवता शिकवता त्यांनी पेशव्यांच्या पटवर्धन सरदारांची दप्तरं चाळली आणि १८९७ पासून त्यातली निवडक पत्रं छापायला घेतली. १९२४ साली गेले, तोवर हे काम हातचं सुटलं नाही. पत्रं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, छापलेली असल्यामुळे मोडी येत नसेल तरी अडत नाही.

पत्र उघडलं की मायन्यातच ‘येथील कुशल ता छ’ असं दिसेल. ‘ता’ म्हणजे तागायत, ‘छ’ म्हणजे चंद्र. पुढचा आकडा आणि मुसलमानी महिना ही तारीख. साल असेल तर ते सुहूर सनात, म्हणजे त्या काळच्या दप्तरी कालगणनेत, अरबी आकडेशब्दांनी आणि उलट्या क्रमाने, एकं आधी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: ११६१. हे साल मृगाला सुरू होतं. म्हणून जूनच्या सुरुवातीपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या सालचा जमादिलाखर महिना जानेवारीत सुरू झाला, तेव्हा ११६१ अधिक ६००, म्हणजे १७६१. पानिपताचाच महिना! हे गणित स्वतः सोडवून पाहा, अंगावर काटा येतो.

पुष्कळ खाजगी पत्रांत साल नसतंच. मग माणसांवरून अदमास बांधायचा. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हातचं पत्र १७९९ च्या पुढे जाऊच शकत नाही, कारण त्या साली ते पट्टणकुडीच्या लढाईत पडले.

दुसरी गोष्ट मी फार आग्रहाने सांगते. पत्रांच्या जोडीला शास्त्रीबुवांनी प्रसंगांची हकीकत लिहिली आहे, ती आधी वाचू नका. ते कवी होते, ‘यशवंतराव’ महाकाव्य त्यांचं, ‘गुणोत्कर्ष’ आणि ‘उग्रमंगल’ ही नाटकं त्यांची. हकीकत इतकी रंगते की वाचणारा त्यांच्याच डोळ्यांनी बघू लागतो. मला ती अतिशय आवडते, म्हणूनच ती मागाहून वाचा. आधी पत्रं वाचून प्रत्येकाची एक चिठ्ठी करा: कोणी, कोणाला, कुठून, कधी. खाली दोन रकाने: लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेलं आणि ‘वर्तमान ऐकिलें’ म्हणून कळवलेलं. छावणीतल्या पत्रांत दुसरा रकाना भराभर भरतो.

सुरुवातीला १७९५ ची, निजामाविरुद्धची खर्ड्याची मोहीम घ्या. सेनापतिपद परशुरामभाऊंकडे होतं, त्यामुळे पटवर्धनांकडची पत्रं थेट रणांगणाजवळून येतात. चिठ्ठ्या तारखेने लावून झाल्या की मगच शास्त्रीबुवांची हकीकत उघडा आणि त्यांचं कुठलं वाक्य कुठल्या पत्रातून आलं, ते पेन्सिलीने समासात लिहीत चला.