चेक लोकांच्या वहीतलं इंग्रजी: या चुका टाळा

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. पहिल्या तासाला जो तो एक वही घेऊन येतो. तीन रकाने: इंग्रजी शब्द, चौकोनी कंसात चेक अक्षरांतला उच्चार, आणि एका शब्दात अर्थ. त्या वहीवर माझा जुना राग आहे.

आधी अर्थाचा रकाना. माझा एक विद्यार्थी यंत्रांचे सुटे भाग विकतो. त्याने इंग्लंडातल्या गिऱ्हाइकाला कळवलं, माल शुक्रवारी 'इव्हेंच्युअली' पोचेल. त्याच्या डोक्यात होता चेक 'एव्हेंतुआल्न्ये', म्हणजे 'जमलंच तर'. गिऱ्हाइकाने वाचलं, 'उशिरा का होईना, शुक्रवारी नक्की'. त्याने मेकॅनिक बोलावून ठेवला, मशीन उघडून ठेवलं. सोमवारी फोनवर जे ऐकावं लागलं, ते समजण्याइतकं इंग्रजी मात्र त्याला येत होतं. मी वही मागितली. दोन्ही शब्द शेजारी शेजारी, स्वच्छ अक्षरात, वर बरोबरची खूण!

तेव्हापासून माझ्याकडे एका शब्दाचा अर्थ चालत नाही. अख्खं वाक्य लिहायचं, तेही स्वतःच्या कामातलं. दिवसाला पाच शब्द झाले तरी पुष्कळ. महिन्यात हजार शब्दांची तयार यादी उतरवून आणणारे असतात. त्यांना मी यादीतला कुठलाही शब्द वापरून काल काय केलं ते सांगायला लावते. पुढच्या तासाला यादी घरी राहते.

असेच आणखी: चेक 'शेफ' म्हणजे साहेब, स्वयंपाकी नव्हे. 'होस्त' म्हणजे पाहुणा, इंग्रजीतला होस्ट यजमान. 'गिम्नाझियुम' ही शाळा आहे, तिथे वजनं उचलत नाहीत.

आता उच्चाराचा रकाना. चेक जसं लिहितात तसं वाचतात, त्यामुळे कंसावर त्यांचा देवासारखा विश्वास. पण शब्दाच्या शेवटचा घोष वर्ण चेक जीभ अघोष करते: ग चा क, ड चा ट. एकीने हॉटेलात सांगितलं, माझी 'बॅक' तुटलीय. तुटली होती बॅग. काउंटरवरचा मुलगा खुर्ची घेऊन धावला आणि डॉक्टर बोलावू का विचारू लागला. मराठी कानाला हा फरक लगेच कळतो, त्यांना तो सांगूनही ऐकू येत नाही. मग मी ग चा नाद सोडते आणि आधीचा स्वर ओढायला लावते: बॅऽऽग. इंग्रज कान त्या लांबीवरूनच ओळखतो. थिंग, थिंक आणि सिंक या तिघांचा 'सिंक' होतो, त्यातही थिंगच्या शेवटाला हाच उपाय. थिंग आणि थिंकमधल्या 'थ'साठी आरशासमोर जीभ दातांत धरा, लाजू नका.

व आणि व्ह: इंग्रजी वीकेंड चेकमध्ये छापतानाच 'व्हीकेंड' झालाय, त्यामुळे मुळातच घोळ. इंग्रजी वीकेंडच्या 'व'साठी ओठांचा चंबू करा. आपणही 'व्हाइट' लिहितो, तेव्हा फार हसू नये.

जोर: चेकमध्ये तो पहिल्या अक्षरावर. इंग्रजी 'हॉटेल'मध्ये दुसऱ्यावर. लाल पेन्सिलीने खूण करा.

आणि 'नो'. बोलीभाषेतल्या चेकमध्ये त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'हो ना' असा. इंग्रजी बोलतानाही ते निसटतं, आणि मी मुद्दाम नकारच समजते. परवा एकाला चहा विचारला. 'नो, नो' म्हणत त्याने कप पुढे केला. मी किटली उचलून आत नेली.