छोट्या रिव्हॉल्व्हरची मूठ बदलताना

अमेरिकेत कपड्याआड बाळगायच्या स्मिथ अँड वेसन कंपनीच्या जे-फ्रेम या छोट्या रिव्हॉल्व्हरची (बहुतेक मॉडेलं ५ गोळ्यांची) मूठ इतकी आखूड असते की करंगळी खाली लोंबकळते आणि झटका थेट अंगठ्याच्या बेचक्यात बसतो.

१. फ्रेमचा (धातूच्या सांगाड्याचा) बुंधा, म्हणजे मुठीखालचं टोक, गोल की चौकोनी, ते आधी पाहा. त्यावरच मूठ बसेल की नाही ते ठरतं.
२. मागची धातूची पट्टी झाकणारी रबरी मूठ हाताला फारच सुखावते. पण हात मागे सरकतो, म्हणून बोटाचं पेर ट्रिगरवर नीट पोचतं ना, ते धरून बघा.
३. खिशात ठेवणार असाल तर गुळगुळीत लाकूडच घ्या. रबर अस्तराला धरून बसतं.
४. मुठीला डावीकडे वर खाच हवी, नाहीतर स्पीडलोडर (सगळ्या गोळ्या एकदम भरायचं साधन) अडतो.

स्क्रूला हात लावण्याआधी सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं नळकांडं) उघडा, गोळ्यांची सगळी घरं रिकामी आहेत ना, ते बोट घालून तपासा.